साखरेऐवजी स्टीव्हिया: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: स्टीव्हियाच्या एका डबीवर 'एक चमचा म्हणजे एक चमचा साखर' असं छापलंय. दुसरीतली चिमूटभर पूड घातली तर चहा तोंडात घेववत नाही. नेमकं किती घालायचं?

दोन्ही डब्या खऱ्याच आहेत, आतला माल वेगळा आहे. स्टीव्हियाच्या पानांतली गोड द्रव्यं, म्हणजे स्टीव्हिओल ग्लायकोसाइड्स, साखरेच्या साधारण २०० ते ३०० पट गोड असतात. सपाट चमचाभर, म्हणजे ४ ग्रॅम साखरेचं काम त्यांची २० मिलिग्रॅम पूड करते. एवढीशी पूड चमच्याने मोजता येत नाही, म्हणून तिच्यात एरिथ्रिटॉल, माल्टोडेक्स्ट्रिन किंवा डेक्स्ट्रोजची भर घालतात. पहिल्या डबीत जवळजवळ सगळी भरच असते. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते, त्यामुळे ज्याच्या नावावर डबी विकली जाते ते नाव बरेचदा तळाशी सापडतं. तिथे ९६० हा क्रमांक दिसला तर तो स्टीव्हिओल ग्लायकोसाइड्सचा.

दुसरी डबी शुद्ध अर्काची. चिमटीत सहज पाच-सात चमचे साखरेचा गोडवा मावतो, तेव्हा कोरडी पूड कपात टाकूच नका. तिचं पाणी करून ठेवा. १ ग्रॅम पूड २५० मिलिलिटर उकळून कोमट झालेल्या पाण्यात विरघळवा. या पाण्याचा ५ मिलिलिटरचा एक चमचा म्हणजे एक चमचा साखर. वजनकाटा ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा हवा. फक्त पूर्ण ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर १ चा आकडा दिसला तरी पूड अर्धा ग्रॅमही असू शकते आणि दीडही. स्वच्छ काचेच्या बाटलीत भरून फ्रिजमध्ये ठेवा आणि आठवड्या-दोन आठवड्यांत संपवा. त्यात टिकाऊपणासाठी काहीच नाही, बुरशी धरू शकते. जागा वाचवायला द्रावण दाट करण्याचा मोह होतो, पण रिबॉडिओसाइड-ए हे यातलं मुख्य द्रव्य थंड पाण्यात फारसं विरघळून राहत नाही. चार-सहा दिवसांनी तळाशी पांढरे कण बसतात, वरचं पाणी फिकं लागतं आणि शेवटचे चमचे नको इतके गोड. असं झालंच तर बाटली गरम पाण्यात धरून हलवा.

प्रश्न: मागाहून कडवट चव येते. ती घालवता येते का?

पूर्ण नाही, पण बरीच कमी होते. ही द्रव्यं जिभेवर गोड चव ओळखणाऱ्या ग्राहकांबरोबर (रिसेप्टर) कडू चव ओळखणारे काही ग्राहकही जागे करतात. कुणाला ते जास्त जाणवतं, कुणाला जवळपास नाहीच. गोडी उशिरा चढते आणि ज्येष्ठमधासारखी रेंगाळते.

सर्वांत मोठी चूक म्हणजे 'गोड कमी वाटतंय' म्हणून आणखी घालणं. ठरावीक मर्यादेनंतर गोडी वाढायची थांबते, कडवटपणा मात्र वाढत जातो. म्हणून खूप गोड पदार्थ फक्त स्टीव्हियावर जमतच नाहीत. अर्धी साखर ठेवून अर्ध्या साखरेपुरती स्टीव्हिया घातली तर बहुतेकांना फरक कळत नाही. आमच्या मते स्टीव्हिया वापरायची हीच सर्वांत शहाणी पद्धत. लिंबाचा रस, कोको, दालचिनी किंवा मिठाचे दोन-चार कण मागची चव झाकतात. नुसत्या दुधात ती उघडी पडते. नवी डबी घेताना रिबॉडिओसाइड-एम किंवा डी असलेली मिळाली तर पाहा. त्यांची चव साखरेच्या जवळ जाते. पानात ती अगदी थोडी असतात, त्यामुळे एन्झाइम किंवा यीस्ट वापरून बनवावी लागतात.

प्रश्न: केकमध्ये सगळी साखर काढून स्टीव्हिया घातली. केक बसका, कोरडा आणि पांढुरका झाला. ओव्हनमध्ये स्टीव्हिया नासते का?

नाही, केकच्या आतल्या तापमानाला ती टिकते. केक बिघडला तो साखर नसल्यामुळे. लोण्याबरोबर फेटताना साखरेचे कण हवा कोंडतात. साखर ओलावा धरते, मैद्याचं ग्लुटेन चिवट होऊ देत नाही, वरून तांबूस रंग आणते आणि मुळात ती मिश्रणाचा मोठा भाग असते. २०० ग्रॅम साखर काढून १ ग्रॅम पूड घातली तर १९९ ग्रॅमची जागा रिकामीच राहिली.

२०० ग्रॅमच्या कृतीत १०० ग्रॅम साखर ठेवा. उरलेल्या गोडीसाठी अर्धा ग्रॅम शुद्ध अर्क घ्या आणि ७०-८० ग्रॅम सफरचंदाचा किंवा केळ्याचा गर घाला. अर्क मैद्यात टाकू नका, नीट पसरला नाही तर एखादा घास कडू लागतो. तो दुधात किंवा अंड्यात विरघळवा. लोणी उरलेल्या साखरेबरोबर नेहमीपेक्षा जास्त वेळ फेटा. केक फिकाच राहील, रंगाची वाट पाहत बसलात तर कोरडा होईल. पाच-सात मिनिटं आधीच सुई टोचून पाहा.

जॅमचं गणित आणखी अवघड. तिथे ६० टक्क्यांच्या वर साखर पाणी बांधून ठेवते, म्हणून जॅम टिकतो आणि साधं पेक्टिन, म्हणजे जॅमला घट्टपणा देणारं फळांतलं द्रव्य, घट्ट बसतं. स्टीव्हिया यातलं काहीच करत नाही. कॅल्शियमने घट्ट होणारं, कमी साखरेसाठीचं पेक्टिन वापरा, जॅम फ्रिजमध्येच ठेवा आणि लवकर संपवा.

प्रश्न: मधुमेह असेल तर बिनधास्त घ्यावी का?

शुद्ध स्टीव्हियाने रक्तातली साखर वाढत नाही. तिचे रेणू मोठ्या आतड्यापर्यंत तसेच पोचतात, तिथले जीवाणू त्यांचं स्टीव्हिओल करतात आणि ते यकृतातून जाऊन लघवीवाटे बाहेर पडतं. माल्टोडेक्स्ट्रिन आणि डेक्स्ट्रोज या भरी मात्र साखर वाढवतात. 'शुगर फ्री' बिस्किटातला मैदाही वाढवतो.

एक गोष्ट घरात सगळ्यांना सांगून ठेवा. इन्सुलिन किंवा काही गोळ्यांमुळे साखर अचानक उतरून घाम, थरथर, गोंधळ सुरू झाला, तर स्टीव्हियाचा चहा काडीच्या उपयोगाचा नाही. तेव्हा १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा खरी साखर पाण्यातून द्यायची आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासायचं. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडातून काही न देता तातडीची वैद्यकीय मदत बोलवायची. सगळ्या डब्यांत स्टीव्हियाच भरलेल्या घरात खऱ्या साखरेची एक वेगळी बाटली हवीच.

प्रश्न: दिवसाला किती चालते? मुलांना द्यावी का? वजन उतरतं का?

आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ समितीने २००८ मध्ये ठरवलेली मर्यादा अशी: शरीराच्या दर किलोमागे रोज ४ मिलिग्रॅम, स्टीव्हिओलच्या हिशेबात. रिबॉडिओसाइड-एच्या पुडीत मोजलं तर हे सुमारे १२ मिलिग्रॅम होतं. ६० किलोच्या माणसाला सुमारे ७२० मिलिग्रॅम, म्हणजे ३६ चमचे साखरेइतकी गोडी. १५ किलोच्या मुलाला मात्र नऊच चमचे, आणि बाटलीबंद पेयं धरली तर तेवढी मर्यादा गाठणं कठीण नाही. मुलांना गोडच कमी द्या.

वजनाचं म्हणाल तर जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये वजन आटोक्यात ठेवण्यासाठी साखरेऐवजी असे पदार्थ वापरू नका असा सल्ला दिला, त्यात स्टीव्हियाही आहे. आधीच मधुमेह असलेल्यांना तो सल्ला लागू नाही.

प्रश्न: कुंडीतल्या रोपाची पानं वापरता येतील?

चहात दोन-तीन पानं टाकायला हरकत नाही. पण वरची सुरक्षित मर्यादा ९५ टक्के शुद्ध अर्कासाठी आहे, पानांच्या घरगुती काढ्यासाठी नाही. शिवाय पानांची गोडी रोपागणिक बदलते, त्यामुळे मोजमाप जमत नाही.

बी नीट रुजत नाही, फांदीची कलमं लावा. पाणी साचलं की मुळं कुजतात, तेव्हा कुंडीला भोक आणि भुसभुशीत माती हवी. दिवस लहान झाले की रोप फुलावर येतं आणि पानांची गोडी उतरते, म्हणून कळ्या दिसायच्या आत जमिनीपासून चार बोटं ठेवून छाटा. फांद्या उलट्या टांगून सावलीत, हवेशीर जागी वाळवा. पानं बोटांत कुरकुरीत चुरली की देठ टाकून द्या, त्यांत गोडी फारच कमी असते.