पित्तनळीत राहिलेला खडा आणि पहिल्या ऑपरेशनचे कागद

दादा, वडिलांची पित्ताची पिशवी काढून चार महिने झाले, पुन्हा कावीळ, एमआरसीपीत (पित्तनळीच्या एमआरआय तपासणीत) नळीत खडा दिसला, ईआरसीपी (तोंडातून दुर्बीण घालून नळीतला खडा काढणं) जमली नाही. आता ऑपरेशनमध्येच नळीत दुर्बीण घालणार म्हणतात, ते गरजेचं आहे का, असं तुम्ही विचारलंत. माझ्या आईचं अगदी असंच झालं होतं. मी डॉक्टर नाही, निर्णय सर्जनचाच. जे भोगलं तेवढं सांगते.

दुर्बिणीला भिऊ नका. आईच्या नळीला छेद देऊन पेन्सिलीपेक्षा बारीक, वाकणारी दुर्बीण आत घातली होती. सर्जननी नंतर रेकॉर्डिंग दाखवलं: गुलाबी भिंत, सलाइनच्या धारेत हलणारा पिवळट खडा, त्याच्याभोवती उघडलेली तारेची इवलीशी टोपली. तो निघाल्यावर खाली आतड्याच्या तोंडापर्यंत आणि वर यकृताकडे नळीला फाटे फुटतात तिथवर बघितलं. वरच्या फाट्याशी दुसरा सापडला. न बघता नळी शिवली असती तर तो आतच राहिला असता.

आमचा घात झाला तो कागदांपायी. पहिल्या डिस्चार्ज कार्डावर 'पिशवी काढली' एवढंच. मिरजेच्या सर्जननी ऑपरेशन नोट्स आणायला सांगितल्या. त्या जुन्या हॉस्पिटलच्या रेकॉर्ड खिडकीवर भावानं निपाणीहून चार खेपा घातल्या. आधी 'साहेब रजेवर', मग 'अर्ज कन्नडमध्ये आणा', तो नेला तर 'पेशंटलाच घेऊन या'. डोळे हळदीसारखे झालेल्या आईला एसटीनं नेलं हो! आणि मोठी चूक आमचीच. सर्जन ऍडमिट व्हा म्हणत होते, आम्ही कागद येईपर्यंत थांबलो. नवव्या दिवशी हुडहुडी भरून ताप आला, नळीत जंतू झाले होते. सहा दिवस आयसीयूत गेले.

पुढे कळलं, डॉक्टरांसाठीच्या २००२ च्या नियमांत मागणी केल्यापासून ७२ तासांत नोंदी द्याव्या, असं स्पष्ट आहे. लेखी अर्ज द्या, प्रतीवर तारखेसह शिक्का घ्या. तोंडी विचारत फिरू नका. पण कागदांसाठी ऍडमिशन लांबवू नका. थंडी-ताप आला तर त्याच रात्री निघा, काविळीची माळ घालून बघू म्हणणाऱ्यांचं ऐकू नका.

सरकारी आरोग्य योजनेचं कार्ड कर्नाटकचं आणि हॉस्पिटल महाराष्ट्रातलं असेल तर उपचार योजनेत बसतात का, ते काउंटरवर आधीच विचारून घ्या.

टी-ट्यूब (पित्तनळीतलं पित्त बाहेरच्या बॅगेत आणणारी टी आकाराची ट्यूब) ठेवली तर बॅगेतलं पित्त रोज मोजून वहीत लिहा. ती ट्यूब काढण्याआधी तिच्यातून पित्तनळीत एक्स-रेत दिसणारं औषध सोडून एक्स-रे काढतात, तो घाईत राहून जाऊ देऊ नका. आणि यावेळच्या नोट्स डिस्चार्जच्या दिवशीच मागून घ्या.