शनिवारी मी कुठेच जाणार नाही

प्रिय मावशी,

मी 43 वर्षांची. नोकरी फोर्टातल्या एका सरकारी ऑफिसात, घर डोंबिवलीत. घरी नवरा, नववीतला मुलगा आणि सासूबाई. शनिवार-रविवार सुट्टी असते, तरी सोमवारी मी शुक्रवारपेक्षा जास्त दमलेली असते.

शुक्रवारी संध्याकाळी गाडीत आमच्या ग्रुपमध्ये एकच विषय. बसायला मिळो न मिळो, भायखळ्यापासून "काय गं, दोन दिवस काय प्लॅन?" सुरू होतं. एक लोणावळ्याला निघालेली असते, एक माहेरी केळव्याला, एकीने हेड मसाज बुक केलेला असतो. माझं काय? शनिवारी दळण, साफसफाई, मुलाचा क्लास. रविवारी मटण, नणंद आणि तिची मुलं. गेल्या महिन्यात मीही ठोकून दिलं, आम्ही अलिबागला जातोय म्हणून. शनिवारी संध्याकाळी पिठाच्या गिरणीत रांगेत उभी होते आणि समोर ग्रुपमधलीच एक. काही बोलली नाही, नुसती हसली. तेव्हापासून मी दुसऱ्या डब्यात चढते.

खरं सांगू? मला कुठेच जायचं नाही. एक दिवस घरात एकटीने पडून राहायचंय. पण बसले की पंख्यावरची धूळ दिसते आणि मी उठते. नवऱ्याला सांगितलं तर म्हणतो, "आराम हवाय ना, मग चल की बाहेर!" त्याच्या मित्रांचं पुढच्या महिन्यात कर्जतला बंगला घ्यायचं चाललंय, चार कुटुंबं मिळून. जेवण तिथला केअरटेकर देतो, पण "सकाळचे पोहे आपण बायका मिळून करू, मजा येते" असं ठरलंय. जाऊ का? की मीच आळशी झालेय?

— दळणवाली, डोंबिवली

प्रिय दळणवाली,

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. तू आळशी नाहीस. आळशी बाईला पंख्यावरची धूळ दिसत नाही.

आता तुझ्या शनिवारबद्दल. तो तुला सरकारने प्रेमाने दिलेला नाही. राज्य सरकारी कर्मचाऱ्यांना 29 फेब्रुवारी 2020 पासून पाच दिवसांचा आठवडा लागू झाला, तेव्हा रोजचं काम 45 मिनिटांनी वाढलं. ही तुझ्या ऑफिसातली गोष्ट तुला मी काय सांगणार! पण हिशेब तू कधी मांडला नसशील. रोज पाऊण तास, पाच दिवसांचे पावणेचार तास तू जास्त बसतेस, म्हणजे जवळजवळ अर्ध्या दिवसाचं काम. ते करून, वर उशिराच्या गर्दीत लोंबकळत घरी येऊन तू तो शनिवार कमावलेला आहेस. आणि मग तो घराला देऊन टाकतेस, कुणी मागितलेला नसतानाही. घरच्यांना वाटतं, शनिवारी ही घरीच असते, म्हणजे मोकळी असते.

आपल्याकडे रविवारची सुट्टीसुद्धा अशीच भांडून मिळालेली आहे. महात्मा फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 साली गिरणी कामगारांच्या मागण्यांवर साडेपाच हजार सह्या घेतल्या, त्यात आठवड्याची सुट्टी ही मोठी मागणी होती. मालकांनी ती मान्य करायला 1890 चा जून उजाडला. गिरणीतला माणूस रविवारी घरी थांबू लागला. त्याच्या घरातल्या बाईच्या रविवारचं काय झालं, ते तुझ्या पत्रात वाचलंच मी. 2024 च्या सरकारी वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांचा दिवसाचा सरासरी वेळ 289 मिनिटं निघाला आणि पुरुषांचा 88 मिनिटं. तुझ्या घरात तो 88 चा आकडा तरी भरतो का, हे तू पत्रात लिहिलं नाहीस. मी अंदाज बांधलाय.

तरी तुझ्या नवऱ्यावर मी चिडलेली नाही. "चल की बाहेर" म्हणतो तेव्हा तो तुला टाळत नाहीये, त्याला खरंच तसं वाटतं. त्याच्यासाठी बाहेर जाणं म्हणजे गाडीत बसणं आणि तिकडे उतरणं. तिखटमिठाच्या पुऱ्या कधी लाटल्या, सासूबाईंच्या गुडघ्याचं तेल कोणत्या कप्प्यात आहे, मुलाचा दुसरा टॉवेल कुठे गेला, गॅस बंद केला का, आणि परत आल्यावर ओल्या कपड्यांच्या त्या पिशवीचं काय, हे सगळं त्याच्या सहलीत नसतंच. त्यामुळे त्याचा शीण बाहेर गेल्यावर उतरतो आणि तुझा चढतो. दोन दिवस बाहेर पडायची ही हौस तशी जुनी. डेक्कन क्वीन 1 जून 1930 ला सुरू झाली तेव्हा ती फक्त शनिवार-रविवारचीच गाडी होती, पुण्याच्या घोड्यांच्या रेसला जाणाऱ्या शौकिनांसाठी. त्या साहेबलोकांच्या बॅगा कोण भरत असेल, याचा विचार माझ्या मनात नेहमी येतो.

तेव्हा नवऱ्याला "मी दमलेय" असं सांगू नकोस. दमलेय म्हटलं की तो उपाय शोधायला लागतो आणि त्याचा उपाय कर्जतला असतो. त्याला वेळ आणि काम सांग. तेही शुक्रवारी रात्री भांडी घासताना नाही, बुधवारी, जेवण झाल्यावर, शांतपणे: "या शनिवारी सकाळी आठ ते दुपारी तीन मी घरात एकटी असणार आहे. तू आईंना आणि याला घेऊन टिटवाळ्याला जाऊन ये." बस. का, कशासाठी, माझी काय अवस्था झालीय, यातलं काही जोडू नकोस. कारणं दिलीस की त्यावर चर्चा होईल आणि तीन वाजेपर्यंत तुम्ही तिघं चर्चाच करत बसाल.

टिटवाळा मी उगाच नाही म्हटलं. सासूबाईंच्या गुडघ्यांबद्दल तू लिहिलं नाहीस, तेल मी माझ्या पदरचं घातलं, पण त्या वयात आपणहून "मला गणपतीला न्या" म्हणणाऱ्या बायका मी कमीच पाहिल्यात. डोंबिवलीहून लोकलने जवळ आहे, स्टेशनवरून देवळापर्यंत रिक्षा मिळते. शनिवारी गेलेलं बरं, रविवारी मेगाब्लॉक कुठे घातलाय ते बघत बसावं लागतं. पुढच्या खेपेला अंबरनाथचं शिवमंदिर. शिलाहारांच्या काळातलं, 1060 सालचं, जवळजवळ हजार वर्षं उभं आहे, आणि डोंबिवलीहून तेही लोकलने जवळच. नववीतल्या मुलाला बाहेरच्या भिंतींवरची शिल्पं बापाने दाखवावीत. दोघांनाही त्यातलं काही कळलं नाही तरी चालेल, तेवढा वेळ जातो.

म्हणजे बघ, तुला आराम देण्यासाठी बाहेर जायचंच असेल तर त्यांनी जावं.

आता धूळ. तू बसलीस की ती दिसणार, आणि पहिल्या शनिवारी तू हमखास स्टूल ओढून पंख्याखाली उभी राहणार. त्यावर माझ्याकडे एकच इलाज आहे. पहिले दोन तास घरात बसूच नकोस. वाचनालयात जा, हॉटेलात जाऊन एकटीने इडली-वडा खा, मैत्रिणीला भेटू नकोस (ती प्लॅन विचारेल). घर डोळ्यांआड झालं की हात शिवशिवायचे थांबतात. मग घरी येऊन पडलीस तर पडून राहशील. डुलकी दुपारची काढ, अर्ध्या तासाची. चार तास ताणून दिलीस तर रात्री जागी राहशील आणि सोमवार पुन्हा बोंबलेल. रविवारच्या मटणानंतरची जी झोप असते तिच्याबद्दल मी बोलत नाहीये, तिच्यावर कुणाचाच ताबा नसतो.

स्वयंपाकाचं म्हणशील तर, अगं, तू डोंबिवलीत राहतेस! गल्लोगल्ली पोळीभाजी केंद्रं असलेल्या गावात शनिवारी पोळ्या विकत आणायला कसली लाज? घडीच्या पोळ्या, उसळ, एखादी कोरडी भाजी, हे सगळं तुझ्यासारख्याच कुणीतरी बाईने केलेलं असतं आणि त्याचे तिला पैसे मिळतात. सासूबाई नाक मुरडतील. मुरडू देत. "आमच्या वेळी असलं नव्हतं" म्हणाल्या तर "खरंय आई" म्हण आणि पोळी वाढ. त्या वाक्यात तुझ्यावरचा राग कमी आणि स्वतःला न मिळालेल्या शनिवारांचा जास्त असतो, असा माझा अनुभव आहे. वाद घातलास तर मात्र तो सगळा तुझ्यावर येईल.

दळण मुलाकडे. नववीतल्या पोराला गिरणीचा रस्ता कळतो. त्याचे शाळेचे कपडे त्यानेच इस्त्री करायचे. पहिल्यांदा चुरगळलेले घालून जाईल, शाळा त्याला घरी पाठवणार नाही.

नणंदेचा रविवार मी तोडायला सांगणार नाही. माहेरी यायचं तिचंही एकच घर आहे. पण दर रविवारी कशाला? महिन्यातून दोनदा ती येऊ दे, एकदा तुम्ही तिच्याकडे जा. हे तिला तू सांगू नकोस, तिच्या भावाने सांगायचं. भावाने सांगितलेलं नियोजन असतं, वहिनीने सांगितलं की तोच निरोप कुजकट होतो. अन्याय आहे, पण तो मोडून काढायला हा शनिवार पुरणार नाही.

एक गोष्ट मात्र तपासून घे. दोन-तीन आठवडे खरोखर झोप आणि विसावा मिळाला, तरी जिना चढताना धाप लागतेय, केस गळतायत, सोमवारी अंग ओढतंय असं वाटलं, तर डॉक्टरांकडे जा आणि रक्त तपासून घे. हिमोग्लोबिन, थायरॉईड, बी-12. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत देशातल्या 15 ते 49 वयाच्या 57 टक्के बायकांना रक्तक्षय निघाला होता. तू त्याच वयात आहेस. ज्याला आपण स्वभाव समजत असतो ते कधीकधी रिपोर्टमध्ये लिहिलेलं सापडतं.

राहिला तुझा डबा. ती अलिबागची थाप म्हणजे काही पाप नव्हे. गिरणीत दिसलेली मैत्रीण हसली, म्हणून तू डबा बदललास. पण ती स्वतः त्या वेळी गिरणीत काय करत होती? तिच्याही पिशवीत गहूच होते ना? शुक्रवारी तिनेही गाडीत काहीतरी छान सांगितलं असणार. लोणावळेवालीचं सांगायचं तर, शनिवारी सकाळी एक्स्प्रेसवेच्या घाटात गाड्यांची जी रांग लागते तीत ती किती वेळ बसून होती, हे सोमवारी सांगत नाही. स्टेटसवर फक्त मक्याचं कणीस असतं. यातली कोण किती खोटं बोलते ते शोधत बसू नकोस, त्यात मजा नाही. येत्या शुक्रवारी जुन्या डब्यात चढ. विचारलं की मोठ्याने सांग: "शनिवारी घरचे सगळे टिटवाळ्याला जाणार आहेत आणि मी आठ ते तीन घरात एकटी." ठाणं यायच्या आत निम्म्या जणी विचारतील, नवऱ्याला कसं पटवलंस? लोणावळेवालीसुद्धा.

आता कर्जत. बुकिंग व्हायच्या आधी चार घरांच्या ग्रुपवर एक सरळ प्रश्न टाक: सकाळचा नाश्ता कोण करणार? बायकांच्या वेगळ्या ग्रुपवर नको, नवरे असलेल्या ग्रुपवर. "आपण मिळून" असं उत्तर आलं तर "आपण" म्हणजे कोण ते विचार. कांदे चिरायला पुरुष तयार असतील तर उत्तम, पोहे कुठले बिघडायला बसलेत. नाहीतर केअरटेकरला नाश्त्याचेही पैसे द्या, चार कुटुंबांत वाटून माणशी काही फार पडणार नाहीत. एवढं मान्य झालं तर जरूर जा, रात्री गच्चीवर गप्पा मार, सकाळी उशिरा ऊठ. मान्य झालं नाही तर नवऱ्याला आणि मुलाला पाठव, तू आणि सासूबाई घरी थांबा. आणि त्यांच्या बॅगा त्यांनाच भरू दे, टॉवेल विसरले तरी फोनवर सांगू नकोस.

— तुझी मावशी