आधी बेंच बाहेर, मग चावी

प्रश्न : भाड्याच्या गाळ्यात माझं सुमारे अडीचशे किलोचं वर्कबेंच आहे. सुरुवातीला ते चार अँकर बोल्टांनी जमिनीला जखडलं होतं. पुढे बोल्ट काढून उचलती चाकं लावली, त्याची पावती मात्र ठेवली नाही. पायाने खटका दाबला की बेंच चाकांवर येतं, सोडला की पुन्हा स्वतःच्या पायांवर बसतं. आता गाळा सोडतोय. मालक म्हणतात, करारात ‘भाडेकरूने केलेली कायमस्वरूपी जोडणी मालकाची राहील’ असं आहे, त्यामुळे बेंच इथेच राहील. वाद नको म्हणून महिनाअखेरीस चावी देऊन टाकावी आणि बेंच नंतर सवडीने न्यावं असं वाटतं. चालेल का?

उत्तर : नाही. बेंच बाहेर पडेपर्यंत चावी हातातून सोडू नका. असे प्रश्न माझ्याकडे सतत येतात. कधी बेंचच्या जागी कॉम्प्रेसर असतो, कधी भिंतीला ठोकलेले रॅक. बहुतेक जण चावी दिल्यावर विचारतात, तुम्ही आधी विचारलंत. ही संधी घालवू नका.

मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ च्या कलम १०८ मधलं पोटकलम (एच) इथे सगळं ठरवतं. भाडेकरूने जमिनीला जोडलेल्या वस्तू तो भाडेपट्टा संपल्यावरही काढून नेऊ शकतो, पण जागेचा ताबा त्याच्याकडे आहे तोवरच. ताबा गेला की हा हक्क गेला. तुमचं बेंच ‘जोडलेलं’ होतं असं समजा कोर्टाने मानलं, तरी आज ते नेण्यापासून हे कलम तुम्हाला अडवत नाही. चावी दिल्याच्या दुसऱ्या दिवशी अडवेल.

मालकांकडे उत्तर आहे ते करारातलं. करारात किंवा स्थानिक रूढीत वेगळं ठरलं नसेल तरच कलम १०८ लागू होतं. ती ओळ जमिनीत भोकं पाडण्याआधी वाचायची होती, हे मला स्पष्ट सांगायलाच हवं. पण त्याच ओळीतला ‘कायमस्वरूपी’ हा शब्द तुमच्या कामाचा आहे आणि त्याला तुमची चाकं उत्तर देतात.

वस्तू जागेचा भाग झाली की नाही हे ठरवताना ती किती घट्ट जोडली आणि कशासाठी जोडली, हे पाहतात. हॉलंड विरुद्ध हॉजसन या १८७२ सालच्या इंग्लंडमधल्या खटल्यात न्यायमूर्ती ब्लॅकबर्न यांनी दगडांचं उदाहरण दिलं. चुन्याशिवाय रचलेली दगडांची भिंत जमिनीचा भाग होते, पण तेच दगड बांधकामवाल्याच्या आवारात रचून ठेवले तर सुटे सामानच राहतात. नुसत्या वजनावर टेकलेली वस्तू सहसा जमिनीचा भाग मानली जात नाही. मात्र त्याच खटल्यात, तो भाड्याचा नसून गहाणाचा असला तरी, जमिनीला खिळ्यांनी ठोकलेले कापड विणायचे माग इमारतीचा भाग ठरले. बोल्टांचा काळ तुमच्या विरोधात वापरला जाईल तो इथेच. म्हणून चाकं कधी लावली याचा पुरावा लागतो. पावती ठेवली नाही म्हणता, तर लावणाऱ्या कारागिराचं लेखी निवेदन आणि जुन्या मोबाइलमधले फोटो आजच शोधा. हे काम तेव्हा पाच मिनिटांचं होतं.

तुम्ही कराराचं दुसरं पान पाठवलंत, पहिलं नाही. त्यावर ‘लिव्ह अँड लायसन्स’, म्हणजे भाडेपट्टा नव्हे तर जागा वापरायचा नुसता परवाना, असं असेल तर कलम १०८ बाजूला पडतं आणि भारतीय सुविधाधिकार कायद्याचं कलम ६३ विचारात घ्यावं लागतं. परवाना रद्द झाल्यावर ठेवू दिलेलं सामान हलवायला त्यात ‘वाजवी वेळ’ मिळतो. वाजवी म्हणजे किती, यावर वर्षानुवर्षं वाद चालू शकतो, म्हणून त्यावर विसंबू नका.

बेंच नेताना मालकांना नवी तक्रार मिळू देऊ नका. व्हाइस (काम पकडून ठेवणारा शिकंजा) उतरवा, खण रिकामे करा. जमीन उंचसखल असली की चारांपैकी एक चाक अधांतरी राहतं, म्हणून भार तीन चाकांवर धरा. अडीचशे किलोला प्रत्येकी साधारण ८४ किलो होतात, आणि तो भार लहानशा चाकाखाली एका ठिपक्यावर येतो. फरशीवर प्लायवूडच्या पट्ट्या टाका, उंबरठ्यावर फळी लावा. बोल्टांची चार भोकं बुजवा. जागा मिळाली तशी परत करायची, ही कलम १०८ (एच) ची अट आहे. आधीचे आणि नंतरचे फोटो घ्या.

डिपॉझिटचं मी आत्ता खात्रीने काही सांगणार नाही. ते पूर्ण करार पाहिल्यावरच कळेल. बेंच सोडा मग डिपॉझिट देतो, असं म्हणाले तर तोंडी कबूल होऊ नका, लेखी मागा.

मालकांनी मध्येच कुलूप ठोकलं तर विशिष्ट अनुतोष कायदा, १९६३ च्या कलम ६ खाली ताब्यासाठी सहा महिन्यांत दावा लावता येतो. बेंच अडवलं तर ते परत मिळवण्याच्या दाव्याला तीन वर्षांची मुदत आहे. ही मुदत दावा दाखल करायची आहे. निकाल कधी लागेल ते मी सांगू शकत नाही. एका बेंचसाठी लोकांना तारखांना खेटे घालताना मी पाहिलं आहे, ते तुमच्या वाट्याला येऊ नये.

मालकांना दोन ओळींचं पत्र द्या : अमुक तारखेला बेंच नेणार, त्यानंतर जागा दाखवून चावी देणार. पोच घ्या. चावी देताना तारीख-वेळ घालून सही घ्या. कराराचं पहिलं पान मला पाठवा, पण माझ्या उत्तरासाठी बेंच थांबवून ठेवू नका.