निबिरू नावाचा ग्रह नासाने खरंच लपवून ठेवला आहे का? आणि यूएफओचं काय?

निबिरूबद्दल सरळ उत्तर: नाही. पृथ्वीवर आदळायला निघालेला एवढा मोठा ग्रह लपवणं कोणाच्या हातातच नाही. अफवेनुसार तो आधी 2003 मध्ये येणार होता, मग 21 डिसेंबर 2012 ला. तारीख टळली की नवी तारीख येते, एवढंच. तो खरंच जवळ आला असता तर गच्चीवरून दुर्बीण लावणाऱ्या हौशी मंडळींनाही दिसला असता. शिवाय त्याच्या ओढीने मंगळ, पृथ्वी यांच्या कक्षा बिघडल्या असत्या. युरेनसची चाल हिशेबात बसेना, म्हणूनच तर 1846 मध्ये नेपच्यून सापडला! 'दुसरा सूर्य' म्हणून फिरणारे बरेचसे फोटो म्हणजे कॅमेऱ्याच्या भिंगातलं परावर्तन असतं. कॅमेरा जरा हलवा, तो 'ग्रह'ही सरकतो.

गोंधळ होतो तो 'नवव्या ग्रहा'मुळे. 2016 मध्ये बातिगिन आणि ब्राउन या खगोलशास्त्रज्ञांनी नेपच्यूनपलीकडच्या काही पिंडांच्या कक्षांवरून तो असावा, असा अंदाज मांडला. तो अजून कोणाला दिसलेला नाही आणि गणितानुसार तो आपल्याकडे फिरकतही नाही. त्यात लपवण्यासारखं काय? शोधनिबंध उघड छापलाय.

यूएफओबाबत मी इतका ठाम नाही. जून 2021 च्या अमेरिकी सरकारी अहवालात 144 नोंदी होत्या आणि खात्रीने उलगडली ती एकच: हवा जात असलेला मोठा फुगा. बाकीच्यांसाठी पुरेशी माहितीच नव्हती. पण 'कळलं नाही' यावरून थेट 'परग्रहवासी आले' म्हणणं मला तरी पटत नाही.