शिंपल्यांच्या शेतीखाली समुद्राचा तळ खरोखरच मरतो का?

आपला प्रश्न असा आहे की, आपल्या मामांना रत्नागिरीजवळच्या खाडीत बांबूचा मांडव घालून हिरव्या शिंपल्यांची, म्हणजे काकईची, शेती करायची आहे. गावातले काही जण म्हणतात की शिंपले पाणी स्वच्छ करतात, त्यामुळे कसलीच हानी होत नाही, तर काही जण सांगतात की शिंपल्यांखालचा तळ मरून जातो. यातले खरे कोणते?

मी नागपूरला राहतो आणि समुद्र येथून शेकडो किलोमीटर दूर आहे. तरीही उत्तर देण्याचे धाडस करतो, कारण महाविद्यालयात अपृष्ठवंशी प्राण्यांचा विषय शिकवताना चिखल चाळून त्यातले जीव मोजण्यात माझी बरीच वर्षे गेली. फुटाळा आणि अंबाझरी तलावांच्या काठचा चिखल विद्यार्थ्यांसोबत चाळताना जो नियम दिसतो, तोच खाडीच्या तळाशीही लागू पडतो. प्राणी मात्र वेगळे असतात.

गावातली दोन्ही मते अर्धी खरी आहेत. शिंपला तासाला काही लिटर पाणी कल्ल्यांतून गाळतो आणि त्यातले सूक्ष्म शैवाल व इतर कण टिपतो, म्हणून पाणी निवळते हे बरोबर आहे. पण पाण्यातून काढलेले सगळेच काही त्याच्या अंगी लागत नाही. पचून उरलेला भाग विष्ठेच्या रूपाने बाहेर पडतो, आणि जे कण नकोसे किंवा जास्तीचे असतात ते श्लेष्मात, म्हणजे चिकट बुळबुळीत स्रावात, गुंडाळून, न गिळताच, तो बाहेर टाकतो. एरवी हे बारीक कण पाण्यात दिवसेंदिवस तरंगत राहिले असते आणि भरती-ओहोटीबरोबर खाडीभर पसरले असते. त्यांच्या गुठळ्या झाल्या की त्या वेगाने खाली बसतात. माशांच्या पिंजऱ्यात बाहेरून खाद्य टाकावे लागते, तसे येथे काहीच टाकावे लागत नाही. उलट शिंपले काढून नेताना त्यांच्याबरोबर नायट्रोजनही खाडीबाहेर जातो. हा फार मोठा फरक आहे आणि शिंपल्यांच्या शेतीच्या बाजूने तो आवर्जून सांगितला पाहिजे. मात्र संपूर्ण खाडीचा हिशेब नफ्यात असला, तरी मांडवाखालच्या तेवढ्या जागेचा हिशेब तोट्यात असू शकतो, कारण जे सगळीकडे विरळ पडले असते ते एकाच ठिकाणी दाट पडते.

काटोल-नरखेडकडच्या संत्र्याच्या बागायतदाराला हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. शेणखत बागेत पसरून दिले तर माती सजीव होते, गांडुळे वाढतात. तेच खत ओले असताना एका झाडाच्या बुंध्याशी ढीग करून ठेवले तर मुळे गुदमरतात. समुद्रतळाच्या बाबतीत हा क्रम पिअर्सन आणि रोझेनबर्ग या दोन संशोधकांनी १९७८ मध्ये इतक्या नीटपणे मांडला की आजही तळाचे परीक्षण करणारे त्याच्याच आधारे बोलतात. सेंद्रिय पदार्थ थोडे वाढले की तळातले प्राणी आणि त्यांच्या जातीही वाढतात, कारण अन्न मिळते आणि प्राणवायू अजून पुरेसा असतो. भर आणखी वाढली की चिखलात खोल बिळे करून राहणारे, आकाराने मोठे आणि दीर्घायुषी प्राणी आधी नाहीसे होतात. त्यांच्या बिळांतूनच पाणी आणि प्राणवायू चिखलात खोलवर जात असल्यामुळे ते गेल्यावर ऱ्हासाचा वेग वाढतो. शेवटी कॅपिटेला नावाची लहानशी, दोऱ्यासारखी लाल कृमी आणि तिच्यासारख्या मोजक्या जाती उरतात. भर त्याहूनही वाढली तर प्राणी उरतच नाहीत. काळ्या चिखलावर जिवाणूंची पांढरी साय तेवढी दिसते.

येथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी, कारण माझ्या विद्यार्थ्यांची चूक नेहमी येथेच होत असे. कॅपिटेला एका चौरस मीटरमध्ये हजारोंच्या संख्येने सापडू शकते. केवळ एकूण संख्या पाहणारा माणूस म्हणेल की तळ जीवांनी भरलेला आहे. सांडपाणी मिसळणाऱ्या तलावाच्या चिखलात ट्युबिफेक्स कृमी आणि कायरोनोमस माश्यांच्या लाल अळ्या अशाच खच्चून भरलेल्या असतात, पण त्यावरून तलाव निरोगी ठरत नाही. प्राणी किती आहेत यापेक्षा ते कोणते आहेत आणि किती प्रकारचे आहेत, हे आधी विचारले पाहिजे.

तलाव आणि समुद्र यांत एक मोठा फरक मात्र आहे. समुद्राच्या एक किलो पाण्यात सुमारे २.७ ग्रॅम सल्फेट असते; गोड्या पाण्यात ते सहसा त्याच्या कितीतरी पट कमी असते. प्राणवायू संपल्यावर समुद्रातले जिवाणू हे सल्फेट वापरतात आणि त्यातून हायड्रोजन सल्फाइड तयार होतो, ज्याचा वास कुजलेल्या अंड्यासारखा येतो आणि जो बहुतेक प्राण्यांना विषारी असतो. आमच्या तलावांच्या चिखलात काठी खुपसली की मुख्यतः मिथेनचे बुडबुडे येतात. म्हणून तितक्याच सेंद्रिय भाराने समुद्राचा तळ प्राण्यांना अधिक घातक ठरू शकतो.

आता प्रत्यक्ष अनुभवाकडे येतो. स्वीडनच्या पश्चिम किनाऱ्यावर दोऱ्यांवर वाढवलेल्या शिंपल्यांखालच्या तळाचा अभ्यास १९८३ मध्ये प्रसिद्ध झाला. तेथे आधी लहान द्विपुट (दोन झडपांच्या कवचाचे) शिंपले, चिखलात गाडून राहणारे काटेरी, गोलसर सी अर्चिन आणि तारामाशांसारखे, बारीक हातांचे ब्रिटल स्टार होते. शेती सुरू झाल्यावर ते गेले आणि कॅपिटेलासारख्या संधिसाधू कृमी आल्या. परिणामाचा पट्टा शेतीच्या कडेपासून थोड्याच अंतरापुरता होता, आणि ही बाब दिलासा देणारी आहे. पण शिंपले काढून नेल्यानंतर दीड वर्षाने पाहिले तेव्हाही तळ पूर्ववत झालेला नव्हता. न्यूझीलंडच्या केनेपुरू साउंडमध्येही १९८५ च्या अभ्यासात शेतीखाली फक्त पॉलिकीट, म्हणजे कॅपिटेलाच्याच गटातल्या, कृमी सापडल्या.

याउलट टास्मानियातल्या शेतांखाली २००३ च्या अभ्यासात फारसा बदल आढळला नाही. आयर्लंडच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर तर एकाच अभ्यासातल्या दोन जागांपैकी एकीचा तळ बिघडलेला होता आणि दुसरीचा नव्हता. शिंपले तेच असताना असे का व्हावे? मुख्यतः पाण्याच्या प्रवाहामुळे. पाणी वाहते असले की गुठळ्या दूरवर विखुरतात आणि तळाला प्राणवायू मिळत राहतो. कोंडलेल्या, उथळ जागी सगळे दोऱ्यांच्या नेमके खाली साचते. प्रवाहाखालोखाल दोऱ्यांची दाटी आणि एकाच जागी शेती किती वर्षे सुरू आहे, या गोष्टी येतात.

स्पेनमधल्या गॅलिसियाचे उदाहरण मला सर्वांत बोलके वाटते. तेथल्या खाड्यांत शिंपल्यांच्या शेतीचे ३,००० हून अधिक तराफे आहेत आणि एका तराफ्याला ५०० पर्यंत दोऱ्या लटकतात. तराफ्यांखालच्या चिखलात राहणाऱ्या प्राण्यांची विविधता कमी झाली, हे १९८० च्या दशकातच दिसून आले होते. पण त्याच वेळी दोऱ्यांवरच्या शिंपल्यांच्या फटींमध्ये लहान खेकड्यांची आणि इतर जीवांची प्रचंड वस्ती झाली, ते खाली पडू लागले आणि तळाजवळचे मासे त्यांच्यावर पोसू लागले. दोऱ्यांवरून गळून पडलेल्या शिंपल्यांमुळेही असेच घडते. मऊ चिखलावर कवचांचा कठीण थर तयार होतो, त्यावर चिकटून राहणारे जीव येतात आणि मेजवानीसाठी तारामासे व खेकडे जमतात. म्हणजे ‘तळ मेला’ हे वर्णन पुष्कळ ठिकाणी अपुरे आहे. एक समाज जाऊन दुसरा येतो. मला स्वतःला मात्र तो बदल समतोल वाटत नाही. बिळे करणारे, चिखलाला श्वास देणारे प्राणी गमावणे ही मोठी किंमत आहे, आणि वर खेकडे वाढले म्हणून ती भरून निघत नाही.

आपल्या किनाऱ्याला एक नैसर्गिक लाभ आहे. केरळात, विशेषतः कासरगोड जिल्ह्यात, १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून महिलांचे बचत गट खाडीत बांबूच्या मांडवावर हेच हिरवे शिंपले वाढवत आले आहेत. पावसाळा सरल्यावर, साधारण नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये, बीज, म्हणजे शिंपल्यांची पिल्ले, सुती जाळीने दोरीभोवती गुंडाळतात आणि पुढचा पावसाळा येण्याआधी पीक काढतात, कारण नद्यांच्या पुराने खाडीचे पाणी गोडे झाले की शिंपले मरतात. त्यामुळे वर्षातले काही महिने तळावर नवी भर पडत नाही आणि पुराच्या पाण्याने साचलेला गाळ काही प्रमाणात धुऊन जाण्याची शक्यता असते. कोकणातल्या खाडीतही हे हंगामी वेळापत्रक पाळणे हिताचे ठरेल. पण खाडी उथळ असते, दोरीचे खालचे टोक आणि तळ यांत अंतर थोडेच उरते, म्हणून मांडव दाटीवाटीने घालू नयेत.

मामांना माझी विनंती अशी राहील की, पहिला बांबू रोवण्यापूर्वीच चिखल पाहून ठेवावा. शेतीची ठरलेली जागा, तिच्यापासून साधारण ५० मीटरवरची जागा आणि तितक्याच खोलीची पण बरीच दूरची एक जागा, अशा तीन ठिकाणचा चिखल काचेच्या बरण्यांत घ्यावा. वरचा तपकिरी थर किती जाड आहे आणि काळा रंग, म्हणजे प्राणवायू संपलेला चिखल, कुठून सुरू होतो हे मोजावे, वास घ्यावा, मग एक मिलिमीटरच्या चाळणीतून तो धुऊन राहिलेल्या प्राण्यांचे फोटो काढून ठेवावेत. पीक काढण्याच्या महिन्यात आणि पुढच्या ऑक्टोबरमध्ये हेच पुन्हा करावे. मांडवाखालचा काळा थर पृष्ठभागापर्यंत आला असेल आणि दूरच्या जागी तसे झाले नसेल, तर पुढच्या हंगामात मांडव हलवावा किंवा दोऱ्या कमी कराव्यात. प्राणी ओळखण्यासाठी रत्नागिरीच्या मत्स्य महाविद्यालयात फोटो दाखवता येतील; आणि आपण स्वतः नागपुरात असाल, तर बरण्या घेऊन माझ्याकडे या, चाळणी आणि सूक्ष्मदर्शक दोन्ही घरी आहेत.