दिवाळीच्या सुटीत सांगलीच्या शाळेत काम करावे का?

प्रश्न : मी पुण्यात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. ऑगस्ट २०१९ च्या पुरात सांगलीतील शाळांचे फार नुकसान झाल्याचे वाचले. दिवाळीच्या सुटीत तेथे राहून एखाद्या शाळेत स्वयंसेवक म्हणून काम करण्याची माझी व माझ्या दोन मैत्रिणींची इच्छा आहे. कोणाला भेटावे आणि काय करावे? — एक वाचक, पुणे

उत्तर : आपली इच्छा रास्त आहे, वेळ मात्र सोयीची नाही. आपल्याला सुटी असेल तेव्हा शाळेलाही दिवाळीची सुटी असणार, आणि रिकाम्या वर्गांच्या भिंती रंगवून आपल्याला परतावे लागेल. (त्या कामासाठी सांगलीत रंगारी आहेत आणि पुरानंतर त्यांनाही मजुरीची गरज आहे.)

आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोका पातळी ४५ फूट मानली जाते. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांपर्यंत चढले. ज्या शाळा कोरड्या राहिल्या, त्यांतील कित्येकींमध्ये पूरग्रस्तांना आसरा द्यावा लागला, म्हणून अभ्यासाचे दिवस तेथेही बुडाले. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ नुसार जनगणना आणि निवडणूक यांच्याप्रमाणेच आपत्ती निवारणाचे कामही शिक्षकांना देता येते. त्यामुळे ज्याच्या स्वतःच्या घरातला चिखल अजून निघालेला नाही, अशा शिक्षकालाही वर्ग सोडून त्या कामावर जावे लागू शकते. वह्या, दप्तरे आणि पाहुणे सुरुवातीच्या आठवड्यांत पुष्कळ येतात. नोव्हेंबरनंतर, बुडालेला अभ्यास भरून काढताना शिक्षकांची ओढाताण होते, तेव्हा मात्र कोणी फिरकत नाही.

म्हणून माझा सल्ला असा की, आपण तिघींनी पाळी लावून नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात शनिवार वाटून घ्यावेत. शनिवारी शाळा बहुधा सकाळची असते, तेव्हा शुक्रवारी रात्री निघून शाळा सुटल्यावर दहावीच्या मुलांना दोन-तीन तास देता येतील. आपण विज्ञानाच्या विद्यार्थिनी आहात. विज्ञान आणि तंत्रज्ञानाचे दोन्ही भाग, भिजून गेलेल्या प्रयोगवह्या पुन्हा लिहून घेणे आणि गणिताचा सराव, एवढे काम दहावीच्या परीक्षेपर्यंत पुरून उरेल. काय शिकवायचे ते विषयशिक्षकांनाच ठरवू द्यावे, कारण कोणता धडा कोठे अडला आहे हे त्यांना ठाऊक असते आणि बाहेरून आलेल्याने वेगळीच पद्धत सुरू केली तर मुलांचा गोंधळ होतो.

प्रथम आपल्या महाविद्यालयातील राष्ट्रीय सेवा योजनेच्या कार्यक्रम अधिकाऱ्यांचे पत्र घ्यावे आणि ते घेऊन मुख्याध्यापकांना भेटावे. परवानगी लेखी असावी. शिकवणी उघड्या वर्गात आणि शाळेतील कोणीतरी आवारात असतानाच घ्यावी. मुलांची छायाचित्रे काढू नयेत, मग ती कितीही चांगल्या हेतूने असोत. ‘पूर आला तेव्हा काय झाले?’ असे मुलांना विचारू नये आणि त्यावर निबंधही लिहायला देऊ नये. एखादे मूल आपणहून बोलू लागले तर ऐकून घ्यावे, आणि ते सतत घाबरलेले किंवा गप्प दिसले तर वर्गशिक्षकांच्या कानावर घालावे.

राहण्या-जेवणाचा भार शाळेवर किंवा पालकांवर पडू देऊ नये. एखादीला शनिवार जमणार नसेल तर तिने आधी कळवून दुसरीला पाठवावे. मुख्याध्यापकांची भेट दिवाळीची सुटी लागण्यापूर्वीच घ्यावी, म्हणजे दुसऱ्या सत्राच्या वेळापत्रकात आपले तास बसवता येतील.