फोटोतली फळी एक, गिटारवरची दुसरी: दाद बेळगावातच मागता येते

प्रश्न : मी खानापूर तालुक्यात राहतो. लग्नसराईत आणि गणेशोत्सवात ऑर्केस्ट्रात गिटार वाजवतो, घर त्यावरच चालतं. पुण्याच्या एका लुथियरकडून, म्हणजे गिटार बनवणाऱ्या कारागिराकडून, इलेक्ट्रिक गिटार बनवून घेतली. किंमत १,३५,००० रुपये, सगळे यूपीआयने दिले. त्याने व्हॉट्सअ‍ॅपवर क्विल्टेड मेपलच्या बुकमॅच्ड फळीचा फोटो पाठवला आणि ‘टॉप याच फळीचा, १२ मिलिमीटर जाड’ असं लिहिलं. टॉप म्हणजे बॉडीवरचा दर्शनी थर. मी ‘हीच पक्की’ म्हणून कळवलं. फिंगरबोर्डसाठी (बोटं दाबायची पट्टी) आजोळच्या पाडलेल्या घरातली शिसवी फळी मी स्वतः नेऊन दिली. गिटार आल्यावर दोन कार्यक्रमांत वाजवली. नंतर पिकअपमध्ये (तारांचा आवाज टिपणारा भाग) खरखर येते म्हणून बेळगावात दाखवली, तेव्हा कळलं की वरचा मेपल जेमतेम अर्धा मिलिमीटर आहे आणि खाली दुसरंच लाकूड आहे. लुथियर म्हणतो, लाकूड नैसर्गिक असतं, कस्टम ऑर्डरचे पैसे परत मिळत नाहीत, कोटेशनवर पुणे कोर्ट लिहिलंय, भांडायचं तर इकडे या. उरलेली शिसवी फळीही देत नाही. मित्र पोलिसांत जा म्हणतात. काय करू?

उत्तर : गिटार आजच केसमध्ये ठेवा आणि या वादाचा निकाल लागेपर्यंत वाजवू नका. पिकअप बदलू नका, तारा बदलू नका, पॉलिश करू नका. पुढच्या कार्यक्रमासाठी कुणाची तरी उसनी घ्या. हे आधी सांगतो, कारण तुमची बाजू भक्कम आहे आणि ती कमकुवत करण्याची ताकद सध्या फक्त तुमच्याच हातात आहे.

१९३० च्या मालविक्री कायद्यात कलम ४२ आहे. माल हाती आल्यावर नाकारतो असं न कळवता वाजवी मुदतीपलीकडे ठेवून घेतला, किंवा मालकासारखा वापरत राहिलात, तर तो तुम्ही स्वीकारला असं धरतात. स्वीकारलेल्या मालाबद्दल त्या कायद्याखाली नुकसानभरपाई मागता येते, माल परत करण्याचा हक्क मात्र सहसा जातो. तुम्ही दोन कार्यक्रम केलेत, हा मुद्दा लुथियर नक्की काढणार. त्याला उत्तर आहे. कलम ४१ प्रमाणे माल ठरल्याप्रमाणे आहे का हे तपासण्याची वाजवी संधी मिळाल्याशिवाय तो स्वीकारला असं होत नाही, आणि टॉपची जाडी पिकअप काढल्याशिवाय दिसत नव्हती. पण हे उत्तर दोष कळल्यानंतर तुम्ही काय केलंत यावर टिकतं. म्हणून नोटीस या आठवड्यातच जायला हवी.

आता लाकडाबद्दल. या खटल्याचा जीव तिथेच आहे, आणि तुमच्या वकिलाला मेपलची माहिती असेलच असं नाही. त्यांना हे समजावून सांगा.

क्विल्टेड मेपल बहुतेक अमेरिका-कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या मोठ्या पानाच्या मेपलपासून मिळतो. त्याचे तंतू सरळ न जाता लाटांसारखे वरखाली जातात, त्यामुळे उजेडात ते लाकूड फुगीर दिसतं आणि गिटार कलती केली की चमक जागा बदलते. असे तंतू प्रत्येक झाडात नसतात, म्हणून किंमत. जाड फळी मधोमध चिरून पुस्तकासारखी उघडली की दोन्ही बाजूंना एकच नक्षी आरशातल्यासारखी येते, तो बुकमॅच्ड टॉप. हीच नक्षी तीन प्रकारे देता येते : जाड फळीचा टॉप, खऱ्याच लाकडाचं पातळ व्हीनिअर, किंवा नुसती छापलेली फिल्म. छापील नक्षीवर चमक हलत नाही, ती लगेच पकडता येते. व्हीनिअरवर मात्र चमक हलते, कारण ते लाकूड खरंच असतं. तुम्हाला गिटार हाती घेतल्याबरोबर संशय का आला नाही, याचं कारण एवढंच आहे, आणि ग्राहक आयोगापुढे ते असंच सांगायचं.

व्हीनिअर की फळी हे कडेवर कळतं. बॉडीच्या कडेला बाइंडिंग (कडेने बसवलेली पट्टी) असेल तर ती जागा झाकली जाते. राहते पिकअपची खाच. तिथे लाकूड उभं कापलेलं असतं. १२ मिलिमीटरचा टॉप असता तर मेपलचा फिकट थर पार १२ मिलिमीटर खाली गेलेला दिसला असता. तुमच्या खाचेत वर एक रेघ आणि खाली लगेच दुसरं लाकूड आहे. त्या खाचेत पट्टी धरून फोटो काढा. ज्या कारागिराने पिकअप काढला, त्याचं शपथपत्र घ्या : कोणत्या दिवशी उघडलं, काय दिसलं, त्याआधी कुणी उघडल्याची खूण होती का.

फोटोतली फळी आणि गिटारवरची नक्षी यांची तुलनाही जोडा, पण सगळा भार तिच्यावर टाकू नका. टॉप घासला, गोलाई दिली, रंग चढवला की खालचे तंतू वर येतात आणि नक्षी थोडी बदलते. लुथियर हे म्हणेल आणि त्यात तथ्य आहे. जाडीला मात्र त्याच्याकडे उत्तर नाही. लाकूड नैसर्गिक असतं म्हणून त्याच्या नसा वेगळ्या निघतील. त्या कारणाने १२ मिलिमीटरचे अर्धा मिलिमीटर होत नाहीत. शहापूरच्या दुकानात विणलेल्या काठाची साडी दाखवून घरी छापील काठाची पाठवली, तर दुकानदाराला सुताचा स्वभाव सांगता येत नाही.

तो असंही म्हणेल की सॉलिड (भरीव) बॉडी गिटारमध्ये आवाज पिकअपचा, वरचा थर कितीही पातळ असला तरी ऐकणाऱ्याला फरक कळत नाही. या वादात अजिबात शिरू नका. मालविक्री कायद्याच्या कलम १५ प्रमाणे वर्णनावरून विकलेला माल वर्णनाशी जुळलाच पाहिजे, ही त्या व्यवहाराची अट आहे. दिलेला माल तितकाच चांगला होता का, हा प्रश्नच तिथे येत नाही. ‘याच फळीचा, १२ मिलिमीटर’ हे त्याने स्वतः टाइप केलेलं वर्णन आहे आणि पैसे तुम्ही त्या वर्णनाचे दिलेत. कोटेशनवर ‘एएएए ग्रेड’ असं काही असेल तर त्यावर फार विसंबू नका. त्या ग्रेडला कायद्यात मोजमाप नाही, जो तो विक्रेता आपली लावतो.

खालचं लाकूड कोणतं आणि वरचं मेपलच आहे का, याबद्दल त्याने वाद घातला, तर ग्राहक कायद्याच्या कलम ३८ खाली आयोगाला नमुना प्रयोगशाळेकडे पाठवता येतो. लाकूड ओळखण्याचं काम बेंगळुरूच्या मल्लेश्वरममधली काष्ठ विज्ञान व तंत्रज्ञान संस्था करते. तिचं नाव अर्जात सुचवा.

पुण्याला जाण्याची गरज नाही. सीमाभागातल्या आपल्या माणसांना विक्रेते हे वाक्य फार सहज ऐकवतात, आणि कोल्हापूर-पुण्याशी व्यवहार आपला रोजचा असल्यामुळे ते ऐकून पुष्कळजण गप्प बसतात. म्हणून स्पष्ट लिहितो. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ हा केंद्राचा कायदा आहे, महाराष्ट्रात आणि कर्नाटकात एकच. जुन्या, १९८६ च्या कायद्यात बहुधा विक्रेत्याच्या गावी किंवा व्यवहार घडला तिथे जावं लागे. नव्या कायद्याच्या कलम ३४ ने तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो, तिथल्या जिल्हा आयोगाकडे जायची मुभा दिली. तुमच्यासाठी तो बेळगावचा जिल्हा ग्राहक आयोग. कोटेशनवरच्या पुणे कोर्टाच्या ओळीचा मुद्दा तो उभा करील, त्यावर आपलं म्हणणं असं : हा हक्क संसदेने दिलेला आहे, विक्रेत्याने आपल्या कागदाच्या तळाला छापलेल्या ओळीने तो काढून घेता येत नाही. रक्कम ५ लाखांच्या आत असल्यामुळे फी शून्य. वकील सक्तीचा नाही. मुदत तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षं. ई-जागृती पोर्टलवरूनही दाखल करता येते.

भाषेचं एक काम मात्र करावं लागेल. तक्रार कन्नड किंवा इंग्रजीत लिहून घ्या. व्हॉट्सअ‍ॅपवरचं बोलणं मराठीत आहे, त्याची मूळ छापील प्रत आणि शेजारी भाषांतर अशी जोडणी करा, नाहीतर ‘हीच पक्की’ या दोन शब्दांचं वजन समोरच्याला कळणार नाही. संवाद पूर्ण द्या, आपल्या सोयीचे तुकडे नकोत. फोन बदलणार असाल तर थांबा, मूळ चॅट त्याच फोनवर राहू द्या. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्रही लावा.

तुम्ही पैसे घेऊन वाजवता, म्हणून ‘हा व्यापारी वापर, तुम्ही ग्राहकच नाही’ असा आक्षेप येईल. ग्राहक कायद्याच्या व्याख्येतच त्याचं उत्तर आहे : स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू व्यापारी हेतूत मोजत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या प्रकरणात हा फरक समजावून सांगितला आहे. तुम्ही ही गिटार स्वतः वाजवता, भाड्याने देत नाही, हे तक्रारीत ठळक लिहा. कार्यक्रम करतो ही गोष्ट लपवायचा मोह होतो. लपवू नका.

‘पैसे परत मिळत नाहीत’ या त्याच्या नियमाबद्दल. सदोष माल परत घेऊन बिलात लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत, पैसे परत करायला नकार देणं ही या कायद्याच्या कलम २(४७) प्रमाणे अनुचित व्यापार प्रथा आहे. बिल न देणंही त्यातच येतं. तुम्ही बिलाचा उल्लेख केलेला नाही, मिळालं नसेल तर नोटिशीत मागा. एक खबरदारी घ्या. तक्रारीत ‘अनुचित करार’ हा शब्द नको. त्या मुद्द्यावरची तक्रार जिल्हा आयोगाकडे चालत नाही, ती राज्य आयोगाकडे करावी लागते. सदोष माल, सेवेतली त्रुटी आणि अनुचित व्यापार प्रथा, एवढ्यावर थांबा.

पत्रात शिसवी फळीबद्दल तुम्ही शेवटी दोनच ओळी लिहिल्यात, पण मला वाटतं मनाला सगळ्यात जास्त तेच लागलं असावं. पैसे व्याजासकट येऊ शकतात, आजोळच्या घराची फळी बाजारात मिळत नाही. कायदाही तिला वेगळं मानतो. ती तुम्ही विकलेली नाही, कामासाठी सोपवलेली आहे. करार कायद्याच्या कलम १४८ खालचा हा निक्षेप. काम झालं की मागण्याची वाट न पाहता उरलेलं परत करणं कलम १६० प्रमाणे त्याचं कर्तव्य आहे. मजुरी थकली असती तर कलम १७० खाली त्याला फळी अडवून धरता आली असती. तुम्ही पै न पै दिली आहे, त्यामुळे अडवायचा हक्क त्याला उरलेला नाही. फिंगरबोर्ड त्याच फळीचा केला की तीही बदलली, हेसुद्धा लेखी विचारा. टॉप बदलला आहे, तर हेही तपासायलाच हवं.

या फळीबाबत एक काळजी घ्या. कर्नाटकात शिसवाचं झाड खासगी जमिनीतलं असलं तरी तोडायला वनखात्याची परवानगी लागते आणि लाकडाच्या वाहतुकीला पास. कापून, तासून वस्तू केलेलं लाकूडही वन कायद्याच्या भाषेत इमारती लाकूडच राहतं. तुमची फळी पाडलेल्या घरातली आहे, तर तेच आणि तेवढंच लिहा. घराचा उतारा, घरपट्टीची पावती, पाडण्याआधीचे फोटो जमवून ठेवा. फळी सीमेपलीकडून परत आणण्याआधी खानापूरच्या वनक्षेत्रपाल कार्यालयात हे कागद दाखवून काय लागतं ते विचारा. फळी परत मिळवताना नाक्यावर अडकणं तुम्हाला परवडणारं नाही.

पोलिसांकडे आत्ता जाऊ नका. सुरुवातीपासूनच फसवायचा हेतू होता हे दाखवता आलं तरच फसवणुकीचा गुन्हा होतो, आणि दिवाणी वादाला फौजदारी रूप देण्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने वारंवार सुनावलं आहे. त्याने फळी विकून टाकली असं निघालं, तर विश्वासघाताचा विचार वेगळा करू.

नोटिशीत एवढं पुरे : ‘आपण अमुक तारखेला पाठवलेल्या फोटोतील फळीचा १२ मिलिमीटर जाडीचा टॉप ठरला होता. प्रत्यक्षात व्हीनिअर लावलेले आढळले. वर्णनाशी न जुळल्याने मी ही गिटार नाकारत आहे. ती माझ्याकडे आपल्या जोखमीवर जपून ठेवली असून आपण स्वखर्चाने घेऊन जावी. १५ दिवसांत १,३५,००० रुपये आणि माझी उरलेली शिसवी फळी परत करावी.’ रागाचा एक शब्दही नको. पोचपावतीसह स्पीड पोस्टाने आणि त्याच व्हॉट्सअ‍ॅप नंबरवर, दोन्हीकडे पाठवा. गिटार पुण्याला नेऊन देण्याची जबाबदारी तुमच्यावर नाही, मालविक्री कायद्याच्या कलम ४३ प्रमाणे नाकारलं असं कळवणं पुरेसं आहे. ‘दुरुस्त करून देतो, पाठवून द्या’ असं तो म्हणाला तरी लेखी ठरल्याशिवाय पाठवू नका. तुमचा मुख्य पुरावा ती गिटारच आहे.

पंधरा दिवसांत काही झालं नाही तर तक्रार दाखल करा. दाखल झाल्यावर त्याला उत्तरासाठी ३० दिवस आणि आयोगाने दिले तर आणखी फार तर १५ मिळतात. मुख्य मागणी पैसे परत, व्याज, मनस्तापाची भरपाई आणि खर्च. पर्यायी मागणी म्हणून ठरलेल्या आणि दिलेल्या टॉपच्या किमतीतला फरक जरूर लिहा. नेक (गिटारचा दांडा) तुमच्या हाताला बसली असेल आणि गिटार मनातून ठेवायची असेल, तर फरकाचे पैसे आणि फळी घेऊन मोकळं होणं वाईट नाही. तो निर्णय तुमचा, पण पहिल्या तारखेच्या आधी घ्या, कारण आयोग त्या सुमारास मध्यस्थीला तयार आहात का असं विचारू शकतो. तडजोड झालीच तर क्रम सोडू नका : आधी शिसवी फळी हातात, मग पैसे बँकेत जमा, आणि त्यानंतर त्याच्या माणसाची सही घेऊन गिटार द्यायची.